सालसा, बॅच नंबर सहा

रविवार, १२ जानेवारी २०२५. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. पाइपच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला काढली, पाइपाचा तुकडा अन् तुकडा नोंदवला, स्वतःबद्दल मात्र एक ओळ लिहिली नाही. आता रिटायर होऊन अडीच महिने झाले. वेळच वेळ आहे. रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं. आकडे जास्त, भावना कमी.

कामिनी तिच्या धाकट्या बहिणीकडे, कोकिळाकडे धुळ्याला गेली त्याला आज आठ दिवस झाले. कारण: हवापालट. मयुरीचा पुण्याहून फोन आला होता. म्हणाली, बाबा, जळगावची आणि धुळ्याची हवा एकच असते. मुलगी शिकलेली आहे, पण आईबापाच्या संसारातलं तिला काय कळणार.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे रेकॉर्ड राहील. दुपारी जेवायला बसलो. ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. मी व्हर्निअर कॅलिपर लावला (कंपनीने निरोपसमारंभात दिलेला, स्टेनलेस स्टीलचा). जाडी कडेला ३.२ मिलिमीटर, मध्ये ४.६. वहीत लिहिलं: निरीक्षण क्र. ४१, भाकरीत एकसारखेपणा नाही. आधीची चाळीस निरीक्षणंही मी तिला वेळोवेळी वाचून दाखवली होती. उदा. क्र. १७: भाजी होत असताना थोडी मधेच वेगळ्या वाटीत काढली जाते, उरलेली पुन्हा परतली जाते, डबल हँडलिंग, वेळेचा अपव्यय. सगळं सहकार्याच्या भावनेने. तर क्र. ४१ वाचून दाखवलं. तिने गॅस बंद केला, हात धुतले, बॅग भरली आणि म्हणाली, आता तुम्हीच करा.

याला आमच्याकडे डेलिगेशन म्हणत. समोरच्यावर विश्वास असल्याशिवाय कोणी ते करत नाही.

दुपारी ४.००

निर्णय झाला. सालसा करायचा.

डिसेंबरमध्ये नाशिकला भाच्याच्या रिसेप्शनला मेक्सिकन काउंटर होता. कुरकुरीत चिप्स आणि सोबत कच्च्या टोमॅटोचा सालसा. कामिनी त्या काउंटरशी चाळीस मिनिटं उभी होती. मी बुफेच्या रांगेचा स्पीड मोजत होतो, त्यामुळे वेळ अचूक आहे. बाईमाणूस एखाद्या काउंटरशी चाळीस मिनिटं उगाच उभी राहत नाही. म्हणजे तिला सालसा आवडतो. तोंडाने बोलणार नाही, तिचा स्वभावच तसा.

प्लॅन: ताजा सालसा घरी स्वतःच्या हाताने करायचा, डब्यात भरायचा, एसटीने धुळ्याला न्यायचा, तिच्यापुढे ठेवायचा. ती खाईल, हसेल, बॅग भरेल, संध्याकाळच्या गाडीने दोघं परत. मयुरी म्हणते सॉरी म्हणा. सालसा केल्यावर सॉरीची गरज काय.

टार्गेट डेट: रविवार, २ फेब्रुवारी. ४ तारखेला रथसप्तमी, तोवर हळदीकुंकू चालतं. कॉलनीतल्या बायका आत्तापासूनच विचारायला लागल्यात, वहिनी दिसत नाहीत. मी सांगतो, हवापालट.

सोमवार, १३ जानेवारी. रात्री नाही, संध्याकाळीच लिहितोय, दिवस संपल्यासारखा वाटतोय

रेसिपी यूट्यूबवरून उतरवून घेतली. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. शिजवायचं काही नाही. त्या बाईने सात मिनिटांत केला. प्रक्रिया इतकी सोपी असेल तर सगळा भर अचूकतेवर द्यायचा.

सकाळी गाडीवाल्या मंदाबाईकडून दीड किलो टोमॅटो. ती म्हणाली, भाऊ, एका मान्साले इतले टमाटे? मी म्हटलं, ट्रायल आहे. तिने बाई कधी येतील विचारलं. मी सुटे पैसे शोधले.

बॅच नंबर एक. व्हिडिओत नुसतं बारीक चिरा असं आहे. किती बारीक ते नाही. मी सहा मिलिमीटर ठरवलं, टॉलरन्स अधिक-उणे अर्धा. पहिले चार टोमॅटो व्हर्निअर लावून चिरले. टोमॅटो दाबला जातो, रीडिंग स्थिर येत नाही. वेळ: दोन तास चाळीस मिनिटं. मिरची चिरल्यावर डोळा चोळला. उजवा. मग पाणी लावायला गेलो तेव्हा डावा.

जेवायच्या वेळेपर्यंत भांड्यात लाल पाणी आणि त्यात पोहणारे तुकडे. रिजेक्टेड.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. कामिनीचा फोन येईल म्हणून सकाळपासून फोन चार्जिंगला लावून शेजारी बसलो. फोन आला, कोकिळाचा. तिळगूळ घ्या गोड बोला म्हणाली. मी म्हटलं, कामिनीला द्या. ती म्हणाली, भाऊजी, ताई शिलाई मशिनीवर बसलीय शेजारच्यांच्या. मग म्हणाली, ताईची शाल पाठवाल का कुणाबरोबर, आणि तिची जाड चप्पल.

चांगली गोष्ट. थंडीची काळजी घेतेय म्हणजे तब्येत जपतेय. तब्येत जपतेय म्हणजे परत यायची तयारी.

गुरुवार, १६ जानेवारी

बॅच नंबर दोन. पाण्याचा प्रश्न तांत्रिक आहे. चिरलेले टोमॅटो श्रीखंडाच्या चक्क्याच्या फडक्यात बांधून खिडकीला टांगले. चार तासांत पाऊण लिटर पाणी. फडक्यात उरलं ते मूठभर, त्याला चव नाही. पाणी वाया जाऊ नये म्हणून पिऊन टाकलं. दुपारभर छातीत जळजळ.

फडकं लाल झालं. कामिनी विचारेल. निरमा, ब्लीच, लिंबू, तिन्ही करून पाहिलं. आता गुलाबी आहे.

रविवार, १९ जानेवारी

बॅच नंबर तीन. व्हिडिओतल्या बाईची मिरची अंगठ्याएवढी जाड, तशी आपल्याकडे मिळत नाही. तिने एक मिरची म्हटलं होतं. मी तिचं वजन अंदाजे काढलं आणि तेवढ्या वजनाची आपली लवंगी घेतली. अकरा भरल्या.

जीभ बधिर. उरलेली नोंद उद्या.

सोमवार, २० जानेवारी

उरलेली नोंद लिहिण्यासारखी नाही. केळी खाल्ली, नऊ.

बुधवार, २२ जानेवारी

आज प्रेमराजभाऊंचा फोन. कोकिळाचे यजमान, माणूस सज्जन, वीज कंपनीत आहेत. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, वहिनींचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि दवाखान्याची फाइल तेवढी कुरिअर करा. मी विचारलं, काही विशेष? म्हणाले, नाही नाही, असू द्यावं जवळ.

बरोबर आहे. हल्ली कुठेही आधार लागतं. दवाखान्याची फाइल बघितली तर कागद नुसते कोंबलेले. दुपारभर बसून तारखेप्रमाणे लावले, पानांना नंबर दिले, पुढे इंडेक्स चिकटवला. सोनोग्राफी दोन, रक्त सहा, डॉक्टरांच्या सूचना तीन पानं. कामिनी बघेल तेव्हा म्हणेल, यांनी किती व्यवस्थित केलं. कुरिअर केलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

बॅच नंबर चार. मोठी सुधारणा. टोमॅटो कडक घेतले, बिया काढून टाकल्या, मीठ अगदी शेवटी. रंग चांगला, पाणी नियंत्रणात. स्वतंत्र परीक्षण हवं म्हणून वाटीत घालून मंदाबाईला गाडीवर दिला. तिने खाल्ला, विचार केला, म्हणाली, कोशिंबीर चांगली जमली, दान्याचं कूट तेवढं राह्यलं.

तिला समजावून सांगितलं की ही कोशिंबीर नाही. कोशिंबिरीत कूट असतं, वरून फोडणी असते. ती म्हणाली, तेच तर सांगू रायली भाऊ, ते राह्यलं.

वॉचमनला दिला, त्यानेही कूट विचारलं. मयुरीला फोटो पाठवला. तिने लिहिलं: कोशिंबीर? वा बाबा. आणि खाली: आईला फोन केलात का?

या देशात नवीन काही करणाऱ्याची हीच गत होते. फोन केला नाही. काम झाल्याशिवाय रिपोर्ट करायचा नसतो.

मंगळवार, २८ जानेवारी

आज दुपारी प्रेमराजभाऊ स्वतः आले, छोटा टेम्पो घेऊन. कामिनीचं शिलाई मशीन न्यायला. म्हणाले, वहिनींनी मागितलंय. मला वाटलं कोकिळाला शिकायचं असेल. टेम्पोवाला एकटा, म्हणून मशीन उचलायला मीच हात लावला. पॉलिशला ओरखडा नको म्हणून आमच्याच गोधडीत गुंडाळलं, सुतळीने बांधलं, वर खडूने लिहिलं: नाजूक. पायडल वेगळं बांधलं. प्रेमराजभाऊ माझ्याकडे बघत होते. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. जाताना माझा हात धरून म्हणाले, शालिग्रामभाऊ, एकदा येऊन जा.

मी म्हटलं, दोन तारखेलाच येतोय, सरप्राइज आहे.

मशीन होतं तिथे फरशीवर चार पायांचे चार डाग. घासून गेले नाहीत. त्या जागी कुंडी ठेवावी असा विचार आहे.

शुक्रवार, ३१ जानेवारी. सकाळी

अक्का आली. माझी थोरली बहीण, झुंबरबाई, सावद्याहून. तिला कोणी कळवलं माहीत नाही. पिशवीत केळी, भरताची वांगी आणि माझ्याबद्दलची मतं. दारातच विचारलं, शालिक, कामिनी काहून गेली रे? मी म्हटलं, हवापालट. ती म्हणाली, हवा तुही बदलाले पायजे होती.

अक्काचं वय झालं आहे. सोडून दिलं.

संध्याकाळी ६.३०

बॅच नंबर पाच. परफेक्ट. तुकडा न तुकडा सहा मिलिमीटर. कांदा पांढरा, कोथिंबीर फक्त पानं, लिंबू दीड. चमच्याने खाल्ला आणि डोळे मिटले. नाशिकच्या काउंटरवरून मी घासभर चाखला होता, त्यापेक्षा सरस. व्हिडिओतली बाई म्हणते, रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्या. मोठ्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला. चिप्स जळगावात धड मिळाल्या नाहीत, पण कामिनीने उन्हाळ्यात घातलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापडच, माळ्यावर होते. ते भाजून डब्यात भरले. तिच्याच हातचे बिबडे, माझ्या हातचा सालसा. यापेक्षा जास्त मी काय करायचं.

उद्याचा दिवस मुरण्यासाठी. परवा सकाळची गाडी.

शनिवार, १ फेब्रुवारी. सकाळी ८.१५

काय लिहू.

सात वाजता उठलो तर घरभर लसूण आणि काळ्या मसाल्याचा वास. ओट्यावर कढई. वर बोटभर लाल तेलाची तर्री, त्यात शेव फुगलेली. अक्का भाकरी थापत होती. मी फ्रिज उघडला. डबा धुऊन पालथा घातलेला.

अक्का म्हणाली, फ्रिजमदी चिरेल टमाटे दिसले, वाया जातीन म्हनून शेवभाजी टाकली. एवढे बारीक चिरले रे कुनी, टाइम बरा भेटते तुले.

मी सांगितलं की ते कच्चंच खायचं होतं. तिला पटेना. तिचं म्हणणं, कच्चे टमाटे म्हशीले घालतात, मान्साले नाही. आणि तेलात पडल्याशिवाय टमाट्याची चव लागत नाही हे आपल्या बठ्ठ्या घरादाराले माहीत आहे, तुलेच कसं माहीत नाही.

मला रडू आलं. अक्काला वाटलं मसाला लागला. पाणी दिलं.

शेवभाजी चांगली झाली होती. दोनदा घेतली. पण तो सालसा नव्हता.

संध्याकाळी

पुन्हा करायची ताकद नाही. अक्काला मग सगळं सांगितलं: नाशिक, काउंटर, चाळीस मिनिटं, वीस दिवस. तिने पालथा घातलेला डबा पुसून ठेवला. मग म्हणाली, सकाळी मी चिरून देते.

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी ६.४०

बॅच नंबर सहा. अक्काने विळी घेतली आणि दहा मिनिटांत दोन किलो टोमॅटो चिरले. मी व्हर्निअर काढला तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. परत ठेवला. तुकडे चार ते पंधरा मिलिमीटर. चव मात्र परवाच्याइतकीच. कसं ते सांगता येत नाही.

मोठा डबा भरला. शिवाय एक छोटी डबी वेगळी काढली. रिटेन्शन सॅम्पल. कंपनीत प्रत्येक बॅचचं ठेवायचो, वाद झाला तर उपयोगी पडतं.

नवा शर्ट. दाढी. तिकिटं परतीची दोन काढणार.

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी

काल जे झालं ते क्रमाने लिहितो.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली, पिशवी मांडीवर. पारोळ्याच्या पुढे कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, भाऊ, तुमनी पिशवीमाईन लाल पानी गळी राहिनं, काय शे त्यामा? सगळी गाडी माझ्या पँटकडे बघायला लागली. मी म्हटलं, सालसा. तो म्हणाला, कापडमा बांधा ना मंग. शेजारच्या आजोबांनी त्यांचा टॉवेल दिला. धुळ्याला उतरलो तेव्हा नवा शर्ट पोटावर गुलाबी होता.

दार कोकिळाने उघडलं. भाऊजी आले म्हटल्यावर घरात धावपळ. प्रेमराजभाऊंनी खुर्ची दिली, कोकिळाने डबा हातातून घेऊन आत नेला. कामिनी पाणी घेऊन आली. बारीक झाल्यासारखी वाटली, पण चेहरा चांगला होता. म्हणाली, बरे आहात ना. मी हो म्हटलं. ती आत गेली. एकवीस दिवसांची तयारी करून गेलेला माणूस, आणि मला एवढंच सुचलं.

मग पाहुणचार. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी. मोठ्या बहिणीचा नवरा आलाय म्हटल्यावर मला काय परकं करतील. मला आणि प्रेमराजभाऊंना आधी बसवलं, दोघी बहिणी वाढायला. बट्टी संपली की दुसरी, तुपाची वाटी उलटी करेपर्यंत आग्रह. कामिनीने स्वतः दोनदा तूप वाढलं. मी मनात म्हटलं, काम झालं. रागावलेली बायको तूप वाढत नाही. आता कळतं की घरी आलेल्या कोणालाही ती तसंच वाढते.

तेवढ्यात ताटात कोशिंबीर आली. दही, दाण्याचं कूट, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. कोकिळा म्हणाली, भाऊजी, तुम्ही आणली तशी फार आंबट होती, मी नीट केली. प्रेमराजभाऊ म्हणाले, झकास. तोंडात बट्टी होती, काही बोलता आलं नाही.

पण छोटी डबी माझ्या खिशात होती.

जेवण झाल्यावर मागच्या ओट्यावर गेलो. तिथे कामिनीचं मशीन होतं, गोधडी काढून नीट लावलेलं, बाजूला निळ्या कापडाचा ढीग. कामिनी एकटी होती. मी डबी उघडून पुढे धरली, बिबड्यांचा डबाही उघडला, आणि सांगितलं. नाशिकला तुला आवडला होता तो. मी केला. सहाव्यांदा जमला.

तिने डबीत बराच वेळ पाहिलं. तुम्ही केला, असं म्हणाली. मग डबी घेऊन मशीनवर ठेवली आणि म्हणाली, मला टोमॅटो चालत नाही हो. मुतखडा झाला तेव्हापासून डॉक्टरांनी बंद केलाय. दोन वर्षं झाली. तुम्हाला लागतो म्हणून भाजीत घालते, माझ्यापुरती आधी वाटीत काढून घेते.

मी म्हटलं, मग नाशिकला त्या काउंटरशी?

ती म्हणाली, बाकी सगळ्यात टोमॅटो होता. मी नुसत्या चिप्स खात होते.

निरीक्षण क्र. १७ मी तिला दोनदा वाचून दाखवलं होतं. दोन्ही वेळा तिने नुसतं ऐकून घेतलं होतं. दवाखान्यातही मीच गाडीवर नेलं होतं. डॉक्टर सांगत होते तेव्हा मी बाहेर स्कूटर लावलेल्या जागेबद्दल एकाशी वाद घालत होतो. फाइलला इंडेक्स लावला तेव्हा ती तीन पानंही माझ्या हातातून गेली, मी नंबर घातले आणि पुढे गेलो.

मयुरीने सांगितलेला शब्द तोंडाशी आला होता. पण मी म्हणालो, मग घरी कधी येतेस.

ती म्हणाली, शाळेच्या गणवेशांचं काम घेतलंय, जूनपर्यंत आहे. मी म्हटलं, जूननंतर? ती म्हणाली, बघू. मग कापडाची घडी घालत म्हणाली, इथे मला दुपारी झोप लागते.

रागावून म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती रागावली नव्हती.

मी म्हणालो, डबी तेवढी परत दे. का म्हणालो माहीत नाही. तिने आत नेऊन सालसा कशात तरी काढला, डबी घासली, पुसली, आणून दिली. रिक्षा आली होती. गाडीत बसल्यावर डबी उघडून बघितली. आपल्याकडे कोणाची डबी रिकामी परत करत नाहीत, चार शेंगदाणे, चिमूटभर साखर, काहीतरी घालतात. कामिनी तर शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी देत नाही. डबी कोरडी होती. घाईत राहिलं असेल.

परतीचं दुसरं तिकीट काढलं नाही. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

अक्का सावद्याला परत गेली. मी थांब म्हटलं नाही, ती थांबली नाही. वांग्याचं भरीत करून झाकून ठेवलंय. टोमॅटो घातलेला नाही.

समोरच्या वहिनी हळदीकुंकवाचं वाण घेऊन आल्या. कामिनी आहे का विचारलं. मी हवापालट म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, ती गेली आहे. त्या म्हणाल्या, कुठे? मी म्हटलं, तिच्या मनाने गेली आहे. त्यांनी वाण टेबलावर ठेवलं आणि लगेच निघून गेल्या.

मला तिची आठवण येते. हे वहीत लिहायचं नव्हतं, पण दुसरीकडे कुठे लिहू.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नोंद नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी. दुपारी १२.४०

गॅस संपला. नवा सिलेंडर घेऊन जितेंद्र आला, दर वेळी तोच येतो. खांद्यावरून उतरवला आणि म्हणाला, काका, ओटीपी सांगा. मी माझा फोन बघितला, काही नाही. तो म्हणाला, कनेक्शन काकूंच्या नावावर आहे, त्यांच्या मोबाइलवर आला असेल, काकूंना विचारा.

फोन केला. दहा दिवसांनी. तिसऱ्या रिंगला उचलला. मागे मशीनचा आवाज होता, तो थांबला. मी म्हटलं, सिलेंडर आलाय, ओटीपी आला असेल. ती म्हणाली, थांबा. मग चार आकडे सांगितले. सावकाश, एकेक. मी पुन्हा म्हणून दाखवले. ती म्हणाली, बरोबर. मी विचारलं, अजून काही? ती म्हणाली, नाही, एवढेच असतात. मशीन पुन्हा सुरू झालं, मग फोन बंद झाला.

जितेंद्रला सहज विचारलं, एकट्या माणसाला सिलेंडर किती दिवस जातो. तो म्हणाला, काका, तुमचं चहापाणी बघता तीन महिने आरामात. म्हणजे पुढचा ओटीपी मे महिन्यात. मे फार लांब आहे.

तो गेल्यावर मोठ्या शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. घरातलं सगळ्यात मोठं. त्यात काही घालायचं नाही. फ्लेम फुल आहे. उकळतंय.